दिसतंय ना, मग गोळी कशाला?

तुमच्या मोबाइलमध्ये कुठले कुठले अलार्म लावलेले असतात? सकाळच्या जिमचा (जो आपण हमखास स्नूझ करतो), क्रेडिट कार्डाच्या ड्यू डेटचा, तत्काळ तिकिटाचा. माझ्या मोबाइलमध्ये रोज सकाळी आठ आणि रात्री आठ असे दोन अलार्म आहेत आणि ते स्नूझ करायचे नाहीत, असा घरचा नियम आहे. डेडलाइन असो, नाहीतर मी कुणाच्या लग्नाच्या पंगतीत बसलेली असो, ते वाजतात. मग मी कडावला एक मेसेज टाकते आणि तिकडून एक अंगठा येतो. अंगठा आला म्हणजे गोळी पोटात गेली.

गोळी माझी नाही, भाचीची. दादाची मुलगी. वय वर्षं तेरा, इयत्ता आठवी, कबड्डीत रेडर आणि बोलण्यात आजीच्या वरताण. तिला समोरून बघितलंत तर ही मुलगी पेशंट वगैरे आहे असं तुम्हाला वाटणारच नाही. पंचाईत नेमकी तिथेच आहे. गेली पाच वर्षं घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारतो, ''दिसतंय ना तिला नीट? मग गोळी कशाला?''

प्रश्न विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. तापाची गोळी आपण ताप उतरला की बंद करतोच की! पण या प्रश्नाचं उत्तर द्यायला चहाचा एक कप पुरत नाही. म्हणून म्हटलं, एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं.

पाच सेंटिमीटरची वायर

डोळा म्हणजे कॅमेरा धरला, तर त्यातलं चित्र मेंदूपर्यंत नेणारी वायर म्हणजे ऑप्टिक नर्व्ह. आमच्या घरात तिला नुसतं 'डोळ्याची नस' म्हणतात. लांबी साधारण पाच सेंटिमीटर, पण तिच्यात सुमारे १२ लाख तंतू. वायरीवर प्लास्टिकचं कव्हर असतं ना, तसं या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. कधी कधी शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा या आवरणावर किंवा आजूबाजूच्या पेशींवर उलटते. नस सुजते आणि चित्र पोचेनासं होतं. हाच ऑप्टिक न्यूरायटिस.

मोठ्या माणसांत तो बहुतेक वेळा एकाच डोळ्याला होतो. लहान मुलांत दोन्ही डोळे एकदम धरण्याचं प्रमाण बरंच जास्त. पुष्कळदा आधी साधा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. डोळा फिरवला की दुखतो, नजर धूसर होते, रंग विटल्यासारखे दिसतात आणि त्यातही लाल सगळ्यात आधी. पण सात वर्षांचं मूल येऊन 'मला लाल रंग फिका दिसतोय' असं थोडंच सांगतं? एका डोळ्याने जरी दिसत असलं तरी त्याचा खेळ चालू असतो.

आमच्याकडे हे शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं. २०१९चा जून, भाची दुसरीत. फळ्यावरचं उतरवून घेताना ती फळ्याकडे न बघता शेजारणीच्या वहीत बघते, हे बाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दादाला बोलावून घेतलं. कर्जतला डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक साधा टॉर्च घेतला आणि तो या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, परत या डोळ्यावर असा फिरवला. उजेड पडला की बाहुली लहान व्हायला हवी. उजव्या डोळ्यावर टॉर्च आला की तिची बाहुली उलट मोठी व्हायची. बस, दोन मिनिटांची तपासणी. मग डोळ्याच्या आतला पडदा तपासला, तर नसेचं टोक सुजलेलं. ''आजच मुंबईला न्या,'' एवढंच त्यांनी सांगितलं. मुलाला नीट दिसत नाही म्हटल्यावर आपण चष्म्याच्या दुकानात शिरतो. त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा हा टॉर्च एकदा डोळ्यांवरून फिरायला हवा, हे तुम्ही कृपया लक्षात ठेवा.

तीन अटॅक, तीन वर्षं

कडावहून कर्जत दहा-बारा किलोमीटर. कर्जतहून सीएसएमटी १०० किलोमीटर, म्हणजे लोकलने दोन तास. दादरला उतरून परळ गाठायचं. केईएम, वाडिया, टाटा अशी एवढी मोठी हॉस्पिटलं त्या एका भागात आहेत की आमच्याकडच्या भाषेत 'परळला नेलं' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. तिथे एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं आणि सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं. मुलाच्या वजनाच्या दर किलोला साधारण २० ते ३० मिलिग्रॅम, एका दिवसात जास्तीत जास्त १ ग्रॅम, आणि असे तीन ते पाच दिवस.

या सलाइनची जादू बघण्यासारखी असते. दहाव्या दिवशी पोरीला वॉर्डाच्या भिंतीवरचा छोटा भीम ओळखू आला आणि वहिनी तिथेच रडायला लागली. पण त्या जादूबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. १९९२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ४५७ मोठी माणसं होती. स्टेरॉइडच्या सलाइनने नजर लवकर परत येते, पण वर्षभरानंतर पाहिलं तर सलाइन घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्या नजरेत फारसा फरक नसतो, असं त्यात दिसलं. सलाइन न देता सुरुवातीपासून नुसत्या नेहमीच्या डोसच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं. मुलांवर इतका मोठा अभ्यास झालेला नाही, त्यामुळे डॉक्टर याचा आधार जपूनच घेतात. पण मुद्दा असा, की सलाइनने आजची आग विझते. ती पुन्हा लागू नये, याची व्यवस्था वेगळी करावी लागते.

सलाइननंतर गोळ्या आल्या आणि त्या पायरी-पायरीने कमी करायच्या होत्या. २७ जुलै २०१९ला आमची फॉलोअपची तारीख होती. आठवतोय तो दिवस? बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. कर्जतकरांची मुंबईला जाणारी वाट तीच. आम्ही अर्थातच पोचलो नाही. डॉक्टरांनी फोनवर पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, ''गोळ्या संपल्या तरी एक दिवसही बंद ठेवू नका, कर्जतलाच घ्या.'' बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. गोळी अचानक थांबवली तर शरीराकडे स्वतःचंही नसतं आणि बाहेरचंही नसतं. त्यातून जिवावर बेतू शकतं. तेव्हापासून घरात पंधरा दिवसांचा जादा साठा असतो. पावसाळ्यात महिन्याचा.

दुसरा अटॅक ऑगस्ट २०२०मध्ये आला, डाव्या डोळ्याला. लोकल तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी होती. दादाने शेजाऱ्यांची गाडी काढली आणि रिकाम्या रस्त्यांवरून परळला नेलं. पुन्हा सलाइन, पुन्हा गोळ्या, या वेळी सहा महिन्यांत कमी करत आणायच्या. गोळ्यांचा डोस अगदी खाली आला आणि जानेवारी २०२१मध्ये तिसरा अटॅक. उजवाच डोळा.

तीन अटॅकमध्ये स्टेरॉइडने पोरीचं काय केलं, तेही सांगते. चेहरा चंद्रासारखा गोल झाला, वर्गात तिचं नाव 'फुगा' पडलं आणि तिने फोटो काढून घेणं सोडलं. भूक इतकी, की परळहून परतताना कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा एक वडा संपायच्या आत दुसऱ्याकडे नजर. मीठ कमी, साखर बेताची, कॅल्शियम सुरू. उंचीचा तक्ता डॉक्टर दर वेळी काढून बघायचे, कारण लांबलेल्या स्टेरॉइडने मुलांची वाढ रेंगाळते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदूसुद्धा होऊ शकतो. म्हणजे अटॅक थांबवणारं औषध खरं, पण त्याच्यावर वर्षानुवर्षं राहणं परवडणारं नाही.

आजाराचं नाव कळायला इतकी वर्षं?

दुसऱ्या अटॅकनंतर तिचं रक्त अँटिबॉडीच्या तपासणीला गेलं आणि रिपोर्टमध्ये तीन अक्षरं आली: 'मॉग'. मायलिनच्या बाहेरच्या बाजूला असणारं हे एक प्रोटीन. तिच्या शरीरात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या होत्या.

ही तीन अक्षरं कळणं किती महत्त्वाचं आहे, ते थोडा इतिहास पाहिल्यावर समजलं. फ्रान्समधल्या लिऑनच्या यूजीन डेव्हिक यांनी १८९४मध्ये डोळ्याची नस आणि मणक्यातली मज्जारज्जू एकत्र सुजणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. पुढची शंभरेक वर्षं बरेच डॉक्टर त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार धरायचे. २००४मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या रक्तात एक वेगळी अँटिबॉडी दाखवली. ती अॅक्वापोरिन-४ या प्रोटीनविरुद्ध असते, हे २००५मध्ये कळलं. मॉगचा आजार त्याहूनही निराळा, आणि त्याचे आंतरराष्ट्रीय निकष ठरले थेट २०२३मध्ये. आपल्याकडे मंगळूरला डॉ. लेखा पंडित यांची टीम अशा आजारांच्या भारतीय रुग्णांची रजिस्ट्री चालवते.

म्हणजे डोळ्याची नस तीच, सूज तशीच, पण मागे उभे असलेले आजार निदान तीन. आणि औषधं अदलाबदल करून चालत नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं अॅक्वापोरिनवाल्या रुग्णाला दिली तर आजार बळावू शकतो. अॅक्वापोरिनवाल्यांना पहिल्याच अटॅकनंतर लांब पल्ल्याचं औषध सुरू करतात, कारण त्यांचा एकेक अटॅक फार नुकसान करून जातो. मॉगवाल्या मुलांचं तसं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरा अटॅक येतच नाही, म्हणून पहिल्यानंतर थांबून वाट बघतात. दुसरा आला की मात्र विचार बदलतो. आणि आमच्यासारखं, गोळी कमी करताच तिसरा आला, की चर्चाच संपते.

पाच वर्षांचं काम

फेब्रुवारी २०२१पासून तिला मायकोफिनोलेट सुरू झालं. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. आठ-आठचे अलार्म ते हेच. हे औषध शरीराच्या संरक्षणयंत्रणेचा आवाज थोडा खाली आणतं. पण त्याचा पूर्ण असर यायला काही महिने लागतात. तोवरचा पूल म्हणून थोडं स्टेरॉइड आणि महिन्यातून एकदा इम्युनोग्लोब्युलिनचं सलाइन. त्यासाठी सकाळची लोकल, दिवसभर डे-केअरची खाट आणि रात्री परत.

हे इम्युनोग्लोब्युलिन कुठल्या कारखान्यात बनतं, असं मी तिथल्या सिस्टरना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ''माणसात.'' हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून ते वेगळं काढतात. डोस वजनाच्या दर किलोला १ ते २ ग्रॅम आणि किंमत ऐकली की खुर्चीत बसावंसं वाटतं. आपल्या ऑफिसात वर्षातून एकदा रक्तदान शिबिर होतं, आपण बिस्किटाचा पुडा आणि सर्टिफिकेट घेऊन डेस्कवर परत येतो. रक्तातला प्लाझ्मा अशा औषधांच्याही कामाला येतो, हे मला तेव्हा कळलं.

इतर रस्तेही आहेत. अॅझाथायोप्रिन हे जुनं आणि स्वस्त औषध. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८चं नोबेल मिळालं. दुसरं रिटुक्सिमॅब. २००७मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती आणली आणि ते आपल्याकडच्या जास्त लोकांच्या आवाक्यात आलं. ते अॅक्वापोरिनवाल्यांना चांगलं लागू पडतं, मॉगमध्ये त्याचा गुण त्या मानाने कमी येतो. कुठल्या मुलाला काय द्यायचं हे वय, अँटिबॉडी, खर्च आणि हॉस्पिटलचं अंतर या सगळ्याचा हिशेब करून ठरतं.

पैशाचं म्हणाल, तर सरकारी आरोग्य योजना (आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना) २०१२मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. पण तिचा भर भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर. रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळ्या आपल्याच खिशातून. त्या मी ठाण्याहून घेते. दादाला बहिणीचे पैसे घेणं पटत नाही, म्हणून दिवाळीनंतर माझ्या दारात कर्जत-३ तांदळाची गोण येते. आमचा हिशेब बरोबर होतो.

आता कडावमधलं रूटीन. दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायचं, पेशी आणि लिव्हर ठीक आहे ना, ते बघायला. पाणी उकळूनच. ताप आला तर 'उद्या बघू' नाही, त्याच दिवशी फोन. शाळेत कुणाला कांजिण्या आल्या तरी फोन. जिवंत जंतूंच्या लशी बंद, फ्लूची लस मात्र दर वर्षी. लावणीच्या दिवसांत सगळं घर शेतात असतं आणि ही बांधावर छत्री घेऊन. चिखलात उतरायचं नाही, लेप्टोची भीती. पहिल्या वर्षी ती चिडली, दुसऱ्या वर्षी तिने बांधावरून सगळ्यांना सूचना द्यायला सुरुवात केली. माघी गणेशजयंतीला बाल दिगंबराच्या देवळात गर्दी उसळते. ही आजीबरोबर पहाटे, गर्दीच्या आधी जाऊन येते.

आजीने स्वतःचं एक यंत्र शोधलंय. देवपूजेसाठी जास्वंद काढली, की एक फूल नातीसमोर धरायचं. उजवा डोळा झाक, डावा झाक. दोन्हींना लाल सारखंच दिसतं का? मग भिंतीवरचं कालनिर्णय. एकेका डोळ्याने बारीक अक्षर वाचायचं. मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ''चालू ठेवा, आम्ही पण क्लिनिकमध्ये लाल रंगच दाखवतो.''

आणखी एक भानगड. मे महिन्यात कबड्डी खेळून आली की तिला उजव्या डोळ्याने थोडा वेळ अंधुक दिसतं. पहिल्यांदा झालं तेव्हा वहिनीने बॅगच भरली. याला उथॉफचा परिणाम म्हणतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९०मध्ये नोंदवलेला. एकदा इजा झालेली नस शरीर तापलं की संदेश नीट वाहून नेत नाही. सावलीत बसलं, गार पाणी प्यायलं की थोड्या वेळात निवळतं. अटॅकचं तसं नाही, तो तासागणिक वाढत जातो आणि बहुतेकदा दुखतोही. फरक कळला म्हणून कबड्डी वाचली.

तरी पण, दिसतंय ना?

हो, दिसतंय. डावा डोळा ६/६, उजवा ६/९. तक्त्यावर जवळजवळ पैकीच्या पैकी. आता पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर देते.

ओसीटी नावाची एक तपासणी असते. दुखत नाही, डोळ्याला हात लागत नाही, फोटो काढल्यासारखी. पडद्यावरच्या नसेच्या तंतूंचा थर किती जाड आहे, ते ती मायक्रॉनमध्ये सांगते. चांगल्या डोळ्यात हा आकडा १००च्या आसपास असतो. आमच्या पोरीचा डावा ७९, उजवा ६८. म्हणजे तक्ता वाचणारा डोळा आणि आतली नस यांच्या गोष्टी वेगळ्या आहेत. एटीएममधून पैसे येतायत म्हणून एफडी शाबूत आहे असं नसतं ना? तिच्या तीन एफडी मोडून झाल्यात. मॉगमध्ये तंतू बरेच गेले तरी नजर पुष्कळदा चांगली परत येते, ही देवाची दया. पण दर अटॅकला शिल्लक कमी होते आणि एक दिवस असा येऊ शकतो की नजर परत येतच नाही. गोळी त्या दिवसासाठी आहे.

या शिल्लक कमी होण्याचे परिणाम रोजच्या जगण्यात बारीक बारीक असतात. झिजलेल्या, राखाडी झालेल्या फळ्यावरचा खडू तिला लागत नाही. संध्याकाळी पायरी नीट कळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'अल्पदृष्टी' म्हणायला चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासकट ६/१८च्या खाली जावी लागते. ती तिथे बसत नाही, आणि बसू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप. त्यामुळे सर्टिफिकेट नाही, सवलत नाही. आहे ती बाईंची माया. बाईंनी सुट्टीत फळ्याला काळा रंग देऊन घेतला. त्याचा फायदा अख्ख्या वर्गाला झाला.

बंद कधी करायची?

मी एक एक्सेल शीट ठेवलीय. ऑफिसची सवय, दुसरं काय! दर महिन्याला एक ओळ: वजन, उंची, रक्ताचे आकडे, डोस आणि शेवटी 'नवीन काही?' असा रकाना. फेब्रुवारी २०२१ ते सप्टेंबर २०२५, अशा ५६ ओळी आणि सगळ्यांत शेवटी एकच शब्द: नाही. इतकी कंटाळवाणी शीट मी ऑफिसात दाखवली तर बॉस मला घरी पाठवेल. आमच्या घरात मात्र ती शीट म्हणजे पाच वर्षांची कमाई.

गंमत अशी, की या ५६ 'नाही'चे दोन अर्थ निघतात. आजी म्हणते, ''पाच वर्षं काही झालं नाही, म्हणजे आजार गेला. बंद करा आता विष.'' वहिनी म्हणते, ''गोळी आहे म्हणून काही झालं नाही. मी बंद करू देणार नाही.'' पुरावा दोघींचा एकच! आणि दोघींनाही खोटं पाडता येत नाही. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, की मॉगमध्ये मुलांना औषध किती वर्षं द्यायचं याचं ठरलेलं एक उत्तर अजून कुणाकडे नाही. बराच काळ अटॅक नसेल आणि रक्तातली अँटिबॉडी गेली असेल, तर हळूहळू कमी करून बघता येतं. तिची आता निगेटिव्ह आली होती. पण निगेटिव्ह म्हणजे हमीपत्र नव्हे.

आणखी एक गोष्ट त्यांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितली आणि वहिनीने ती सांगण्याचं काम माझ्याकडे दिलं. मायकोफिनोलेट गर्भासाठी घातक असतं. मुलगी मोठी व्हायला लागली की औषधाचा पुढचा बेत डॉक्टरांना याही अंगाने करावा लागतो. पोरगी तेरा वर्षांची, आमचं घर गावातलं, असले विषय आमच्याकडे कुजबुजीतच होतात. पण शरीर तिचं, गोळी तिची. मी तिला गच्चीवर घेऊन गेले आणि सरळ सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''आत्या, सगळे आपापसात ठरवतायत. मला कुणी विचारलंय का?''

पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर ती बसली, आम्ही मागे उभे. तिने प्रश्न वहीत लिहून आणले होते. कमी केल्यावर आजार परत आला तर मला आधी काय वाटेल? किती तासांत पोचायला हवं? परत गोळी सुरू केली तर ती चालेल का? आणि चौथा, तिच्या मते सगळ्यात महत्त्वाचा: पावसाळ्यात गाड्या बंद पडतात, तर कमी करायचं काम पावसाळा संपल्यावर सुरू करता येईल का? डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि एकेक उत्तर नीट दिलं. चौथ्याला ते म्हणाले, ''हे आमच्या पुस्तकात नाही, पण बरोबर आहे.''

तर ऑक्टोबर २०२५पासून गोळी कमी व्हायला लागली, अगदी थोडी थोडी. दर पायरीनंतर थांबायचं, बघायचं, ओसीटी काढायची, मग पुढची पायरी. आजीला हे फार हळू वाटतं, वहिनीला फार घाईचं. दादा काही बोलत नाही. त्याने गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलंय. अटॅक आलाच, तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, सोबत कुठली फाइल घ्यायची, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय. अक्षर तिचंच.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचं घर असंच असेल, आपण ठाण्या-पुण्यात आणि घरचं कुणीतरी गावी वर्षानुवर्षांच्या गोळीवर. कुणाचं बीपी, कुणाची फिट, कुणाचा दमा. शहरात बसून आपण काय करणार, असं वाटतं. पण गोळ्यांचा साठा बघणं, तारखा लक्षात ठेवणं, रिपोर्ट एका जागी ठेवणं आणि 'बरं वाटतंय ना, मग बंद करा' म्हणणाऱ्या पाहुण्याला न चिडता समजावून सांगणं, एवढं लांबूनही जमतं. आणि बंद करायचीच वेळ आली, तर ती डॉक्टरांसमोर बसून आणि ज्याची गोळी आहे त्याला विचारून.

पुढची मोठी तपासणी जूनमध्ये आहे. पावसाचा भरवसा नाही, म्हणून तिघं आदल्या दिवशीच ठाण्याला माझ्याकडे मुक्कामाला येणार आहेत. येताना वडे आणायचे की नाही, एवढंच अजून ठरायचंय.